मांत्रिक सोडायला लावला, पण दवाखाना कोण दाखवणार?



हा लेख आम्ही फार आधी लिहायला हवा होता. लिहिला नाही, कारण यात आमची चूक आहे आणि स्वतःची चूक जाहीर लिहायची सवय आपल्या चळवळीत कमी आहे. 'आम्ही' म्हणजे आर्णी तालुक्यातल्या एका गावच्या बुद्धविहारात दर रविवारी जमणारी सात-आठ पोरंपोरी. वाचन, भाषणं, जयंतीची तयारी, कुणाचा जातीचा दाखला अडला तर तहसीलला खेटे घालणं, एवढं आमचं काम. आमच्यातल्या एका मित्राला स्किझोफ्रेनिया झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. हा मजकूर त्याला आधी वाचून दाखवला. "नाव नका टाकू, बाकी काही लपवू नका," एवढंच तो म्हणाला. म्हणून लपवत नाही.

आम्ही पहारा दिला

त्याचे आईवडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणारे. तो यवतमाळला बी.ए. करून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन गावी परतलेला. वय बावीस. १४ एप्रिलला त्याचं भाषण असलं की वस्तीतल्या म्हाताऱ्या बायाही शेवटपर्यंत बसायच्या. २०१८ च्या पावसाळ्यात तो बदलला. रात्र-रात्र जागायचा. आंघोळ सुटली. मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवायचा. "माझ्यावर नजर आहे, पोलीस आणि गावातले ते लोक मिळालेले आहेत," असं म्हणायचा.

आम्ही विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? आदल्या वर्षी मिरवणुकीच्या रस्त्यावरून गावात वाद झाला होता आणि ठाण्यात आमचीच पोरं तासन् तास बसवून ठेवली होती. त्याचं बोलणं आम्हाला आजार वाटलंच नाही, जागृती वाटली. आम्ही चक्क त्याच्या घराला रात्री पहारा दिला, दोघं-दोघं पाळीने. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री तो दार उघडून बाहेर आला आणि आमच्याकडे बोट दाखवून ओरडला, "तुम्हीच त्यांना सामील आहात!"

तेव्हाही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आम्ही दुखावलो आणि त्याच्याकडे जाणं कमी केलं. नंतर कळलं की टीव्हीवर बातम्या देणारी बाई आपल्यालाच खुणा करते असं त्याला वाटायचं. आई जेवण वाढायची तर त्यात काही घातलंय म्हणून ताट सरकवायचा. दोन माणसं सतत त्याच्याविषयी बोलताना त्याला ऐकू यायची. घरात तर कुणी नसायचं.

मायचा सवाल

पुढचं जास्त वाईट आहे. एक दिवस त्याच्या गळ्यात काळा दोरा आणि ताईत दिसला. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात ताईत! आमचं रक्त तापलं. आम्ही तो तोडून टाकला आणि त्याच्या मायला अर्धा तास बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या. ती बाई चूलीपुढे बसून मुकाट ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबू, मांत्रिकाकडं जाऊ नोको म्हनलं तुमी. मंग कुठी जाऊ, थे सांगतलं काय?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्हाला मांत्रिक खोटा हे माहीत होतं, पण खरा इलाज कुठे मिळतो हे माहीत नव्हतं. ती पुन्हा गेली, आता आमच्यापासून चोरून. तिथे त्याला मिरचीची धुरी दिली, काठीने मारलं. पाठीवरचे वळ आम्ही थंडीत पाहिले, तो उघडा झाला तेव्हा. पहिलं लक्षण दिसल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंत सात महिने गेले. त्या सात महिन्यांचं खापर मायवर फोडणं सोपं आहे. आमचं म्हणणं असं की त्यातला मोठा वाटा आमचा आहे. अंधश्रद्धा काढून घेणं हे प्रबोधनाचं अर्धं काम. त्या जागी उपचार नेऊन ठेवणं हे उरलेलं अर्धं. आपण अर्ध्यावर थांबून टाळ्या घेतो.

हा आजार नेमका काय आहे

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं, अर्थ 'मन दुभंगणं'. नावामुळे एक गैरसमज पसरला की एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. इथे विचार, भावना आणि वास्तवाचं भान यांचा एकमेकांशी असलेला मेळ तुटतो.

लक्षणं साधारण तीन तऱ्हेची. पहिली, नसलेलं जाणवणं: आवाज ऐकू येणं, कुणी दिसणं, आणि पुरावा दाखवूनही न हटणारा संशय. दुसरी, बोलण्या-वागण्याचा धागा सुटणं. तिसरी सगळ्यात कमी ओळखली जाते: उत्साह जाणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर भाव नसणं, दिवसभर पडून राहणं. या तिसऱ्या तऱ्हेलाच लोक आळस म्हणतात. आमच्या मित्रालाही वस्तीने आळशी म्हटलं. हातपाय धड असून मायच्या मजुरीवर जगतो, असं त्याच्या तोंडावर बोलले लोक.

आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, पुरुषांत थोडा लवकर, बायांत थोडा उशिरा. म्हणजे शिक्षण संपून नोकरी लागायची तेव्हाच. पहिल्या पिढीतलं पोरगं शिकवायला ज्या घराने सगळं पणाला लावलं, त्या घराचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांवर होती. हाच हिशेब लावला तर यवतमाळ जिल्ह्यात नऊ हजारांच्या आसपास माणसं होतात. ती कुठे आहेत? काही दवाखान्यात, काही देवस्थानांच्या आवारात, काही एसटी स्टँडवर, आणि पुष्कळ घराच्या मागच्या खोलीत.

कारण एक नाही. काही प्रमाणात आनुवंशिकता, मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांच्या कामातला बिघाड, कोवळ्या वयातला गांजा, आणि आयुष्यातले आघात हे सगळं मिळून घडतं. ब्रिटनमध्ये कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या लोकांत या प्रकारच्या आजारांचं निदान गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं असं अनेक अभ्यासांत दिसलं. तिथले संशोधक त्याचा संबंध भेदभाव, एकटेपणा आणि गरिबीशी लावतात. भेदभाव सोसणाऱ्या समाजाने हा विषय 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून सोडून देणं म्हणूनच परवडणारं नाही.

गोळी आणि आमची दुसरी चूक

पहिल्या दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी मिळाली. आजाराचं नाव कुणी सांगितलं नाही, गोळ्यांनी काय होईल ते सांगितलं नाही, किती दिवस घ्यायच्या तेही नाही. पंधरा दिवसांत आवाज कमी झाले. पण हात थरथरू लागले, तोंडातून लाळ गळायची, चालणं लाकडासारखं ताठ झालं. चळवळीतल्या एका ज्येष्ठांनी सल्ला दिला, "या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागेल, बंद करा." आम्ही मान डोलावली. गोळ्या बंद झाल्या. महिनाभर तो छान दिसला आणि आम्हाला आपण शहाणे वाटलो. चौथ्या महिन्यात तो घरातून निघून गेला. नऊ दिवसांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर सापडला, अनवाणी, पायाला जखमा.

त्यानंतर सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात तो तीन आठवडे भरती होता. तिथल्या एका तरुण डॉक्टर ताईंनी आम्हा सगळ्यांना बाकावर बसवून समजावलं. तेव्हा कळलं ते असं.

या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी वापरायला सुरुवात केली. त्याआधी कोंडून ठेवण्यापलीकडे जगात कुठेच फारसं काही नव्हतं. आज रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी पुष्कळ औषधं आहेत. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. संशय आणि आवाज कमी व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटलं तरी गोळ्या सहसा किमान एक-दोन वर्षं चालू ठेवाव्या लागतात. झटका पुन्हा आला तर अनेक वर्षं. 'बरं वाटतंय' हे गोळी काम करते आहे याचं लक्षण आहे, गोळी सोडण्याचं कारण नव्हे.

दुष्परिणाम खरे असतात. काही औषधांनी थरथर आणि ताठरपणा येतो, काहींनी वजन आणि साखर वाढते, झोप येते. पण त्यावर उपाय आहे: डॉक्टरांना सांगणं. ते मात्रा कमी करतात, औषध बदलतात, जोडीला दुसरी गोळी देतात. रोज गोळी घेणं जमत नसेल तर काही आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. दोन औषधांनी गुण आला नाही तर क्लोझापिन असतं, त्यासाठी रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. शॉकचं नाव काढलं की सिनेमातलं दृश्य आठवतं. आता भूल दिल्याशिवाय आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ते देणं कायद्याने बंद आहे.

आमच्या मित्राचं औषध बदललं. थरथर गेली. वजन वाढलं, म्हणून तो रोज पहाटे धामणगावच्या रस्त्याला नव्हे तर मुद्दाम गावामधून चालत जातो, लोकांनी पाहावं म्हणून. ही त्याची स्वतःची शक्कल.

'हे सत्तेचं हत्यार आहे' म्हणणाऱ्यांना

मित्रहो, आपल्यातले काही वाचणारे मित्र लगेच म्हणतील, वेड ठरवणं हा सत्तेचा खेळ आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना 'पळण्याचा मानसिक आजार' असतो असं लिहिलं. सोव्हिएत रशियात सरकारला विरोध करणाऱ्यांवर स्किझोफ्रेनियाचाच शिक्का मारून त्यांना इस्पितळात डांबलं गेलं. १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा ऐन भरात असताना, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या लढ्यातल्या रागालाच आजाराचं नाव दिलं. हे आपण विसरू नये. जातीचा छळ सांगणाऱ्याला 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणून गप्प करणं आपल्याकडेही घडतं.

म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की कुणाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती किंवा तो कोणत्या समूहातला आहे यावरून त्याला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. हे कलम पाठ करा.

पण निदानाचा गैरवापर होतो म्हणून आजारच नाही, असा निष्कर्ष काढणं म्हणजे खोट्या केसेस होतात म्हणून कायदाच नको म्हणण्यासारखं आहे. तो युक्तिवाद आपल्याविरुद्ध कोण वापरतं हे आपल्याला ठाऊक आहे. आणि आमच्या मित्राच्या बाबतीत फरक दिसत होता, आम्ही तो पाहिला नाही. खऱ्या धमकीला माणूस, जागा, तारीख असते, दुसऱ्या कुणालातरी ती दिसते. आजारातला संशय मात्र पसरत जातो: पोलिसांकडून गावाकडे, गावाकडून मित्रांकडे, मित्रांकडून मायच्या ताटापर्यंत. सोबत झोप जाते, आंघोळ जाते, नसलेले आवाज येतात. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. म्हणून आता आमचा नियम असा: तक्रारीचा तपासही करायचा आणि माणसाला डॉक्टरकडेही न्यायचं.

संघाने काय केलं होतं

आपल्याकडे या विषयाला आधार नाही असं नाही. पटाचारेची हकीकत आपण विहारात सांगतो. नवरा, मुलं, आईवडील, भाऊ सगळे एका पाठोपाठ गेले आणि ती भान हरपून, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध न राहून फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिलं, तिची शुद्ध परत आणली, आणि पुढे ती विनयात निष्णात थेरी झाली.

त्याहून महत्त्वाची, पण आपण क्वचित सांगतो ती हकीकत विनयपिटकातल्या गग्ग भिक्खूची. त्याला वेड लागलं होतं. उपोसथाला यायचं कधी त्याला आठवायचं, कधी नाही. संघाने त्याला काढून टाकलं नाही, त्याची अवस्था रीतसर ठरावाने मान्य केली. पुढे तो बरा झाला, तेव्हा काही भिक्खू वेडाच्या काळातल्या वागण्यावरून त्याला दोष देत राहिले. मला ते आठवत नाही, असं तो सांगायचा, तरी ते थांबेनात. तेव्हा बुद्धांनी त्याच्यासाठी 'अमूढविनय' नावाची तरतूद केली: ज्याची शुद्ध परत आली आहे त्याला वेडात घडलेल्या गोष्टीसाठी दोषी धरायचं नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही तरतूद आमच्या वस्तीत अजून लागू झालेली नाही. आमचा मित्र बरा होऊन आला तेव्हा पोरं त्याला त्या रात्रीवरून चिडवत होती, "काय रे, आम्ही सामील ना?" त्यात आम्हीही हसलो आहोत.

नावाचं ओझंही मोठं असतं. जपानमध्ये रुग्णांच्या कुटुंबांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये या आजाराचं तिथलं जुनं, 'मन फाटल्याचा आजार' अशा अर्थाचं नाव बदललं. नामांतरासाठी काय मोजावं लागतं आणि नावाने काय बदलतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

मग आपण करायचं काय

'देवराई' हा २००४ चा मराठी सिनेमा याच आजारावर आहे. जरूर पाहा. त्यातला रुग्ण कोकणातल्या बागायतदार घरचा आहे. त्याला सांभाळणारी बहीण शहरात आहे, डॉक्टर जवळ आहेत. आपल्या वस्तीत कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळला जायचं तर दोन माणसांची दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. गोळी मोफत असली तरी गोळीपर्यंतचा रस्ता मोफत नाही. चळवळीने उभं राहायची जागा ही आहे.

साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत एक मोठा अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी रुग्णांच्या घरी जायचं, गोळ्यांबद्दल, कामाबद्दल, घरातल्या वागणुकीबद्दल बोलायचं. नुसत्या दवाखान्यापेक्षा दवाखाना अधिक हा कार्यकर्ता, यात रुग्णांना थोडा पण खरा जास्त फायदा दिसला. डॉक्टरची जागा घ्यायची नाही, डॉक्टर आणि घर यांच्यात उभं राहायचं. हे आपली पोरं करू शकतात. आम्ही जे करतो ते असं:

१. दवाखान्याच्या तारखेला पाळीने एक जण सोबत जातो, म्हणजे घरच्या एकाची तरी मजुरी वाचते. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विदर्भासाठी नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण सुरुवात आशाताईपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनही होते. रात्री-अपरात्री, किंवा कुणी जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी बोलत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर २४ तास चालू असतो.

२. गोळ्यांची वही ठेवतो. गोळी सुटली तर ओरडत नाही, कारण विचारतो. घरात सतत टोचून बोललं की आजार उलटतो, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे.

३. साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात चालणार नाही, असं २०१७ च्या कायद्याचं कलम ९५ सांगतं. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडात अडकलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने मेले, हे वस्तीत सांगतो. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे तो आला. पण तक्रार मांत्रिकाविरुद्ध करायची, मायविरुद्ध नाही.

४. कलम १८ ने उपचार हा हक्क केला आहे, आणि भेदभाव ज्यावरून करायचा नाही त्या यादीत 'जात' हा शब्द लिहिलेला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला सरकारी ठिकाणी उपचार मोफत आहेत. औषध संपलं म्हणून बाहेरून आणायला लावलं तर हे कलम दाखवून लेखी अर्ज देतो.

५. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणाचा दावा करता येतो, संजय गांधी निराधार योजनेतही अर्ज करता येतो. आमचा मित्र आधी हे नको म्हणत होता. वेड्याचा दाखला कशाला, म्हणायचा. जातीच्या दाखल्याबद्दलही कधीकाळी आपल्या पोरांना अशीच लाज वाटायची, याची आम्ही त्याला आठवण करून दिली. त्याने अर्ज केला.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तीनपैकी किमान एक रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. बाकीच्यांतही पुष्कळ जण औषध आणि आधार घेऊन काम करतात, संसार करतात. आमचा मित्र आज विहारातलं वाचनालय सांभाळतो, हंगामात वावरात जातो. आवाज अजून अधूनमधून येतात. "येतात, पण आता मी त्यांना उत्तर देत नाही," असं तो सांगतो. गेल्या १४ एप्रिलला भाषण कर म्हणून आम्ही आग्रह केला. तो नाही म्हणाला, गर्दीत त्रास होतो. त्याने माइक लावून दिला आणि बाजूला बसून पूर्ण कार्यक्रम ऐकला. आम्ही पुन्हा आग्रह केला नाही.

तुमच्या वस्तीतही मागच्या खोलीत कुणीतरी असेल. येत्या रविवारी वंदना झाली की त्या घरी जा. ताईत दिसला तर आधी तोडू नका. आधी विचारा, दवाखान्याची तारीख कधी आहे, सोबत कोण येणार. ताईत नंतर त्यांच्याच हाताने निघेल.

जयभीम, नमो बुद्धाय.